कंदांचा डोंगर, फुलांचे गाव

गावाचा इतिहास कशावरून लिहावा, ह्या प्रश्नाला इतिहासकाराची उत्तरे ठरलेली असतात : दप्तरे, शिलालेख, नाणी, देवळे, वाडे. वनस्पतींची नावे ह्या यादीत सहसा येत नाहीत. ती वनस्पतिशास्त्राकडे, किंवा फार तर लोकसाहित्याच्या अभ्यासकाकडे सोपवली जातात. परंतु काही ठिकाणे अशी असतात की तेथील दप्तर एका पक्षाने लिहिलेले असते, इमारती त्याच पक्षाने बांधलेल्या असतात, आणि दुसऱ्या पक्षाची जी थोडीफार साक्ष शिल्लक असते ती रानातल्या झाडाफुलांच्या नावांत दडलेली असते. दक्षिण आफ्रिकेतील नीवोटव्हिल हे असे एक ठिकाण आहे. पर्यटनाच्या पुस्तिकांत ह्या गावाला 'जगातील कंदांची राजधानी' म्हटलेले असते. ऑगस्ट-सप्टेंबरात तेथील माळ रानफुलांनी भरून जातात आणि ती पाहायला देशोदेशींचे लोक येतात. ही फुले ज्या जमिनीवर उमलतात तिचा इतिहास मात्र त्या पुस्तिकांत फारसा नसतो. तो वाचण्याचा एक मार्ग फुलांच्या नावांतून जातो, असे आम्हांला वाटते.

आधी गावाची ओळख करून घेऊ. केपटाउनहून उत्तरेला सुमारे ३५० किलोमीटर गेल्यावर हे गाव येते. वाटेत क्नेर्सव्लाक्त नावाचे रखरखीत मैदान लागते. पांढऱ्या गारगोट्यांनी पसरलेल्या ह्या मैदानाच्या नावात दात किंवा चाके करकरण्याचा आवाज आहे. त्या मैदानाच्या पूर्वेला एकदम भिंतीसारखा कडा उभा राहतो. थॉमस बेन ह्या रस्तेबांधणीतील नामवंत अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात बांधलेला व्हानराइन घाट चढून माथ्यावर पोचले, की सुमारे ७०० ते ८०० मीटर उंचीवरचे बोक्केवेल्ड हे पठार सुरू होते. कोकणातून घाट चढून देशावर आल्यावर हवा, माती आणि पीक ही तिन्ही जशी बदलतात, तसाच काहीसा बदल येथे जाणवतो. फरक इतकाच, की येथला पाऊस हिवाळ्यात, म्हणजे मे ते ऑगस्टच्या दरम्यान पडतो आणि उन्हाळा पूर्ण कोरडा जातो.

पठारावरचे हे गाव लहान आहे. लोकसंख्या २,००० च्या आसपास. रस्ते रुंद, घरे स्थानिक वालुकाश्माची, आणि मध्यभागी त्याच दगडात १९०७ मध्ये बांधलेले डच रिफॉर्म्ड पंथाचे चर्च. गावाची स्थापना १८९७ ची. ग्रूनरिव्हिर, म्हणजे 'हिरवी नदी', नावाचे शेत चर्चने नीवोट कुटुंबाकडून घेतले, त्याचे भूखंड पाडले आणि विकणाऱ्यांचे नाव गावाला दिले. अशा गावांना तिकडे 'चर्चगाव' म्हणतात. दूरदूरच्या शेतांवर राहणारी गोरी कुटुंबे दर तीन महिन्यांनी 'नाखमाल' नावाच्या प्रभुभोजनाच्या विधीसाठी बैलगाड्या घेऊन चर्चगावी येत. गाड्या सोडून दोन-तीन दिवस मुक्काम करीत. त्यातच लग्ने जमत, बाप्तिस्मे होत, खरेदी-विक्री उरके. आपल्याकडील यात्रा आणि आठवडी बाजार एकत्र केल्यास जे होईल, ते ह्या विधीचे सामाजिक रूप होते. गाव उभे राहिले ते शेतकऱ्यांच्या ह्या गरजेतून, आणि आजही ते मेंढ्या, गहू आणि रूइबोस नावाच्या चहाच्या झुडपावर जगणारे शेतकऱ्यांचेच गाव आहे.

गावाच्या स्थापनेची ही हकिकत एवढ्यावर थांबते. तिच्यात १८९७ पूर्वीचा एकच प्रश्न येतो : शेत कोणाचे होते? ते नीवोट कुटुंबाचे होते. त्याआधी ती जमीन कोणाची होती, हा प्रश्न दप्तरात उद्भवत नाही, कारण दप्तराची सुरुवातच जमिनीच्या मालकी हक्कापासून होते.

आता फुलांकडे येऊ. बोक्केवेल्डवर सुमारे १,३५० जातींच्या वनस्पती आढळतात, आणि त्यांत कंदवर्गीयांचे प्रमाण जगात क्वचितच कोठे असेल इतके मोठे आहे. गावाजवळच्या केवळ ११५ हेक्टरांच्या राखीव रानात सुमारे ३०० जाती नोंदल्या गेल्या आहेत. ह्याची कारणे भूगोलात आहेत. पठाराच्या पश्चिम कडेला वालुकाश्माची रेताड माती आहे. तिला लागून प्राचीन हिमनद्यांनी आणून टाकलेल्या गाळाची चिकणमाती आहे, आणि तिच्या मधूनमधून डोलेराइट ह्या काळ्या अग्निजन्य खडकापासून झालेली लाल, भेगाळणारी जमीन आहे. पाऊसही कड्यावर बऱ्यापैकी पडतो आणि पूर्वेकडे काही किलोमीटरांतच झपाट्याने कमी होतो. मातीचे आणि पावसाचे इतके प्रकार इतक्या थोड्या जागेत आल्याने प्रत्येक पट्ट्यात वेगळ्या जाती वाढल्या. लांबच्या कोरड्या उन्हाळ्यावर त्यांनी शोधलेला उपाय मात्र एकच : पाणी आणि अन्न जमिनीखाली साठवायचे, वरचा भाग वाळू द्यायचा आणि पावसाची वाट पाहायची. येथल्या रानाचे खरे वैभव अशा रीतीने जमिनीखाली आहे. वर दिसणारी फुले काही आठवड्यांची असतात.

ती पाहण्याचीही एक रीत आहे. बहुतेक फुले ऊन तापल्याशिवाय उमलत नाहीत. सकाळी दहा-साडेदहाच्या आधी आणि ढगाळ दिवशी माळ हिरवाच दिसतो. फुले सूर्याकडे तोंड करून असतात, म्हणून पाहणाऱ्याने सूर्याकडे पाठ करून उभे राहावे लागते. डोलेराइटच्या लाल मातीवर बल्बिनेलाचे नारिंगी तुरे शेकड्यांनी उभे असतात. रोम्युलियाची लालभडक, रेशमी झाक असलेली फुले जमिनीलगत पसरतात. काही फुले दुपार कलल्यावर उमलतात. मार्च-एप्रिलमध्ये, सगळा माळ वाळलेला असताना, ब्रुन्सव्हिजियाचे मोठे गुलाबी झुंबर एकही पान नसताना थेट जमिनीतून वर येते.

ह्या फुलांची आफ्रिकान्स भाषेतील नावे पाहिली, की त्यांचे सरळ दोन गट पडतात. पहिला गट डोळ्यांनी ठेवलेल्या नावांचा. बल्बिनेलाला 'कातस्टर्ट' म्हणतात, म्हणजे मांजराची शेपटी. ग्लॅडिओलसच्या एका केशरी रानटी जातीला 'कल्कुंकी', म्हणजे छोटा टर्की पक्षी, कारण फुलाचा आकार आणि रंग त्या पक्ष्याच्या गळ्याच्या लोळ्याची आठवण करून देतो. संध्याकाळी उमलणारे ते 'आंटब्लॉम', सांजफूल. ही नावे सुंदर आहेत. आपल्याकडील गोकर्ण किंवा सांजेला उमलणारी गुलबक्षी ह्यांच्याविषयी जसे लोक बोलतात, त्याच जातीची ही नजर आहे.

दुसरा गट वेगळा आहे. ती नावे जिभेने ठेवलेली आहेत. मोरिया ह्या वनस्पतीच्या अनेक जातींना 'अइन्की' म्हणतात. शब्दाचा अर्थ 'छोटा कांदा'. तिचे कंद उकडून किंवा राखेत भाजून खाल्ले जात. रोम्युलियाला 'फ्रूतांग' हे नाव आहे, आणि तिची कोवळी फळे शेतांवरची मुले उपटून खात. बाबियाना ह्या वनस्पतीचे नाव 'बॉबेयांकी', म्हणजे 'बबून माकडाचे पिलू', असे आहे, कारण बबून माकडे तिचे कंद उकरून खातात. ह्याच बोलीतील नावावरून तिचे शास्त्रीय नाव तयार झाले. 'कुकुमाक्रांका' हा शब्द तर डच किंवा आफ्रिकान्स नाहीच. तो ह्या भूमीवर आधीपासून राहणाऱ्या खोइखोइ पशुपालकांच्या भाषेतून आलेला आहे. त्या कंदाचे सुगंधी फळ जमिनीतून एकदम वर येते. ते खातात, कपड्यांत ठेवतात, मद्यात घालतात.

आणि ह्या सगळ्यांवर कळस म्हणजे खुद्द प्रदेशाचे नाव. नीवोटव्हिल ज्या नगरपालिकेत येते तिचे, आणि पूर्वेकडच्या डोंगराचेही, नाव हंटम असे आहे. शब्द खोइखोइ भाषेतला. त्याचा अर्थ सर्वसाधारणपणे 'कंद उगवतात तो डोंगर' असा लावला जातो. पर्यटन पुस्तिकेतील 'कंदांची राजधानी' ही पदवी म्हणजे एका परीने ह्याच नावाचा उशिरा झालेला अनुवाद आहे. जुने नाव देणाऱ्यांच्या मनात फुले नसावीत, पोट असावे. हंटम हे धान्याच्या कोठाराचे नाव आहे.

हे ज्ञान कोणाचे, ह्याविषयी शंका राहू नये. हॉलंडहून आलेल्या माणसाला आफ्रिकेतील कोणता कंद विषारी आणि कोणता गोड हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मोरियाच्याच काही जाती जनावरांना मारतात आणि काही माणसे खातात. हा फरक पिढ्यान् पिढ्या खाऊन, भोगून कळलेला असतो. खोइखोइ पशुपालक आणि शिकार व कंदमुळांवर जगणारे सान लोक ह्यांचे ते ज्ञान होते. सान स्त्रिया टोकदार काठीला मधोमध भोक पाडलेला गोल दगड वजनासाठी अडकवीत आणि तिने कंद खणून काढीत. असे भोकाचे दगड केप प्रदेशातील शेतांत नांगरताना सापडत आले आहेत आणि तेथील संग्रहालयांत ते पाहायला मिळतात. कंदाचे नाव गुराखी म्हणून, मोलकरीण म्हणून, दाई म्हणून शेतांवर राबणाऱ्यांच्या तोंडून मालकाच्या मुलांच्या तोंडी गेले. भाषा अशा रीतीने वारसा घेते आणि वारसा देणाऱ्याचे नाव विसरते.

तिसऱ्याही प्रकारची नावे आहेत, ती मानाने दिलेली. त्यांचा उगम समजण्यासाठी १७७४ ह्या वर्षाकडे वळावे लागते.

डच ईस्ट इंडिया कंपनीने १६५२ मध्ये केपला आपले ठाणे वसवले. पुढच्या शंभर वर्षांत गोरे पशुपालक उत्तरेकडे सरकत गेले. कंपनी त्यांना ठराविक वार्षिक रक्कम घेऊन शेते 'उसनी' देई. अशा शेताची मोजणी साखळीने होत नसे. पाण्याचा झरा मध्यबिंदू धरायचा आणि त्यापासून चारी दिशांना अर्धा तास चालत जायचे, इतकी जमीन त्या माणसाची. हिशेबाने ती अडीच हजार हेक्टरांच्या आसपास भरे. ह्या पद्धतीचा अर्थ असा, की शेत म्हणजे आधी पाणी. कोरड्या प्रदेशात झरा एकाच्या ताब्यात गेला, की त्यावर येणारे हरणांचे कळप, गुरे घेऊन येणारे खोइखोइ आणि आसपासचे कंद खणणारे सान हे सर्व एका फटक्यात घुसखोर ठरत. खोइखोइ समाज १७१३ च्या देवीच्या साथीने आधीच खचलेला होता. तरीही प्रतिकार झाला. १७३८-३९ मध्ये बोक्केवेल्डच्या परिसरात मोठा संघर्ष पेटला आणि तो सशस्त्र टोळ्या पाठवून मोडण्यात आला. गावाच्या दक्षिणेला एक खोल, रानाने भरलेली दरी आहे. तिचे नाव ओरलॉगस्क्लूफ, म्हणजे 'युद्धाची दरी'. आज ते अभयारण्य आहे, आणि तेथील खडकांच्या आडोशाला जुन्या रहिवाशांनी काढलेली चित्रे आहेत.

१७७४ च्या सप्टेंबरात दोन वनस्पतिसंग्राहक केपटाउनहून उत्तरेकडे निघाले. कार्ल पीटर थनबर्ग हा लिनीयसचा स्वीडिश शिष्य, आणि फ्रान्सिस मॅसन हा लंडनजवळच्या क्यू उद्यानाने परदेशी पाठवलेला पहिला संग्राहक. दोघे मिळून बोक्केवेल्ड, हंटम आणि रॉखेवेल्ड ह्या प्रदेशांतून फिरले आणि वर्षअखेरीस परतले. त्यांनी गोळा केलेल्या रोपांमुळे, बियांमुळे आणि कंदांमुळे युरोपातील उद्याने भरली. थनबर्गला पुढे दक्षिण आफ्रिकी वनस्पतिशास्त्राचा जनक म्हटले गेले. थनबर्गने आपल्या सोबत्याचे नाव एका कंदाला दिले, मासोनिया. थनबर्गचे नाव एका वेलीच्या कुलाला मिळाले, थनबर्जिया. ही थनबर्जिया आपल्या अंगणात आणि सह्याद्रीच्या रानातही आहे.

त्याच १७७४ साली, त्याच सीमाप्रदेशात, कंपनीच्या मान्यतेने 'जनरल कमांडो' नावाची मोहीम निघाली. गोऱ्या शेतकऱ्यांच्या आणि त्यांच्या खोइखोइ नोकरांच्या सशस्त्र तुकड्या सीमेच्या लांबलचक पट्ट्यात सान वस्त्या शोधत फिरल्या. कंपनीच्या नोंदींप्रमाणे ५०० हून अधिक माणसे मारली गेली आणि २०० हून अधिक पकडली गेली. पकडलेल्यांना, विशेषतः मुलांना, शेतांवर राबण्यासाठी वाटण्यात आले. एकाच वर्षी एकाच मुलखात दोन प्रकारची गणती झाली. एकीत प्रत्येक जातीचे वर्णन आहे, तिला लॅटिन नाव आहे, नमुना जपून वाळवलेला आहे. दुसरीत फक्त आकडा आहे. थनबर्ग आणि मॅसन ह्यांना दोषी ठरवण्यासाठी हे लिहिलेले नाही. त्यांचे शास्त्र खरे होते आणि ते आजही उपयोगी आहे. परंतु ज्या झऱ्यांवर त्यांचे बैल पाणी प्याले ते झरे मोकळे कसे झाले होते, हे ठाऊक नसेल तर त्यांचा प्रवास अर्धाच वाचला जातो.

मानाने दिलेल्या नावांचे सर्वांत विलक्षण उदाहरण अगदी अलीकडचे आहे. २००१ मध्ये वर उल्लेखिलेल्या युद्धाच्या दरीत क्लायव्हिया ह्या वनस्पतीची एक अज्ञात जात सापडली आणि २००२ मध्ये तिचे 'क्लायव्हिया मिराबिलिस' असे नामकरण झाले. क्लायव्हियाच्या इतर जाती शेकडो किलोमीटर दूर, पूर्वेकडच्या दमट रानांत वाढतात. ही एवढ्या कोरड्या प्रदेशात कशी टिकली ह्याचे शास्त्रज्ञांनाही आश्चर्य वाटले, म्हणून 'मिराबिलिस', अद्भुत. पण 'क्लायव्हिया' हे नाव कोठून आले? ते १८२८ मध्ये नॉर्थम्बरलंडच्या डचेसच्या मानार्थ दिलेले नाव आहे. तिचे माहेरचे आडनाव क्लाइव्ह. प्लासीच्या रॉबर्ट क्लाइव्हची ती नात. खोइखोइ लोकांच्या लढ्याची आठवण सांगणाऱ्या दरीतील फुलावर बंगाल जिंकणाऱ्याच्या घराण्याचे नाव आहे, आणि ते त्या फुलाला मिळाले ते केवळ कुलाच्या नियमाने. कोणाचा तसा हेतू नव्हता. वसाहतवादाचा शब्दसंग्रह हा असा हेतूशिवायही वाढत राहतो.

ज्यांनी जिभेने नावे ठेवली त्यांची भाषा काय झाली? ह्या पठाराच्या पूर्वेला आणि ईशान्येला पसरलेल्या विस्तीर्ण कोरड्या मुलखात 'खाम' नावाची सान भाषा बोलली जाई. नावाच्या आरंभी जिभेचा चटकारा आहे, त्यासाठी आपल्या लिपीत चिन्ह नाही. १८६३ मध्ये लुई अँथिंग ह्या दंडाधिकाऱ्याने केप सरकारला अहवाल दिला, की तिकडच्या सान लोकांचा पद्धतशीर संहार होत आहे. उरलेल्यांपैकी काही जण जनावरांच्या चोरीसारख्या गुन्ह्यांसाठी केपटाउनच्या तुरुंगात आले. तेथे १८७० पासून विल्हेल्म ब्लीक हा जर्मन भाषाशास्त्रज्ञ आणि त्याची मेहुणी ल्यूसी लॉइड ह्यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेऊन त्यांच्या भाषेतील कथा, आठवणी, प्राण्यांची वर्णने लिहून घेतली. पानाच्या एका बाजूला खाम, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. ब्लीक १८७५ मध्ये वारला, लॉइडने काम चालू ठेवले. अशी १२,००० हून अधिक पाने झाली. १९९७ मध्ये युनेस्कोने त्यांची जागतिक स्मृतिठेव्यात नोंद केली. सांगणाऱ्यांपैकी एकाचे नाव काब्बो होते, त्याच्या भाषेत त्याचा अर्थ 'स्वप्न'. आज खाम भाषा बोलणारा कोणी नाही. २००० मध्ये स्वीकारलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या राजचिन्हावरील बोधवाक्य मात्र ह्याच भाषेत आहे. बोलणारे संपल्यावर भाषा राजचिन्हावर गेली, ह्या घटनेत गौरव किती आणि उपरोध किती, हे ठरवणे अवघड आहे.

माणसे मात्र सगळी संपली नाहीत. खोइखोइ, सान आणि गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज ह्याच शेतांवर मेंढपाळ, मजूर, कातरणी करणारे म्हणून राहिले. त्यांची भाषा आफ्रिकान्स झाली. १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने त्यांना 'कलर्ड' हा शिक्का दिला. खोइखोइ, सान ही नावे सरकारी कागदावरून पुसली गेली. कंदांची नावे तेवढी त्यांच्या बोलण्यात राहिली.

शेतीच्या दृष्टीने पाहता रानफूल म्हणजे तण. नांगराने येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला ते तसेच दिसते, आणि त्यात त्याचा दोष नाही. आपल्याकडील कुरडूचे उदाहरण घ्या. ज्वारीच्या शेतकऱ्याला ती तण आहे, रानभाजी विकणाऱ्या बाईला भाजी आहे, शहरातून आलेल्या छायाचित्रकाराला फूल आहे. वनस्पती एकच, तिच्याशी असलेले नाते तिचे नाव ठरवते. बोक्केवेल्डवरच्या चिकणमातीचा मोठा भाग गव्हाखाली गेला, आणि नांगरलेल्या जमिनीत कंदांचे ते मूळचे दाट रान पुन्हा सहज येत नाही. वालुकाश्माच्या रेतीवर विसाव्या शतकात रूइबोसची लागवड वाढली. फुले टिकली ती जेथे नांगर फिरला नाही तेथे.

ह्या संदर्भात ग्लेनलायन नावाच्या शेताची गोष्ट महत्त्वाची आहे. मॅक्ग्रेगर कुटुंबाच्या ह्या शेतावर मेंढ्या नैसर्गिक कुरणावरच चारल्या जात आणि फुले येऊन बी धरेपर्यंत कळप दुसरीकडे हलवले जात. चराई पूर्ण बंद केली असती तर उंच झुडपांनी कंदांना दाबले असते, सतत चालू ठेवली असती तर बी धरले नसते. साळिंदर कंद खायला जमीन उकरतात, तेव्हा काही छोटे कंद बाजूला पडून रुजतात. काठीने कंद खणणाऱ्या स्त्रियांमुळेही हेच घडत असणार. म्हणजे ज्याला आपण 'रान' म्हणतो ते खाणाऱ्यांच्या, खणणाऱ्यांच्या आणि चारणाऱ्यांच्या हातांखालून आलेले आहे. हे सुमारे ६,२०० हेक्टरांचे शेत २००७-०८ च्या सुमारास सरकारने घेतले आणि तेथे हंटम राष्ट्रीय वनस्पती उद्यान झाले. वाफे, कारंजी आणि पाट्यांऐवजी येथे मुख्यतः माळ आहे. एक शेत जसे होते तसेच उद्यान म्हणून मान्य व्हावे, ही शेतकऱ्याच्या शहाणपणाला मिळालेली दुर्मीळ दाद आहे.

दुसरी दाद उशिराने आणि भांडून मिळाली. रूइबोसच्या पानांचा चहा करण्याचे ज्ञान मूळ खोइ आणि सान लोकांचे, त्यावरचा उद्योग मात्र इतरांचा. दीर्घ वाटाघाटींनंतर १ नोव्हेंबर २०१९ रोजी करार झाला, की उद्योगाने शेतावरच्या दराच्या १.५ टक्के रक्कम खोइ आणि सान समाजांना द्यावी. गावाच्या दक्षिणेकडील भागात लहान शेतकऱ्यांनी सुमारे २००० साली हाइवेल्ड नावाची सहकारी संस्था काढली आणि रूइबोस स्वतः विकायला सुरुवात केली होती. महाराष्ट्रातील वाचकाला सहकाराचे आणि हक्काच्या लढ्याचे हे मिश्रण अनोळखी वाटू नये. १.५ टक्के ही रक्कम मोठी की छोटी ह्यावर वाद होऊ शकेल. वनस्पतीचे ज्ञान कोणाचे तरी असते आणि ते कोणाचे हे सांगता येते, हे तत्त्व मात्र मान्य झाले.

कंदांच्या बाबतीत असा कोणता करार नाही, आणि होणेही कठीण. आपल्या फुलबाजारात रोज विकल्या जाणाऱ्या ग्लॅडिओलसच्या बागायती जातींचे पूर्वज प्रामुख्याने दक्षिण आफ्रिकेच्या रानांतून नेलेले आहेत. लग्नाच्या मांडवात ती फुले लावताना त्यांच्या मूळ गावाची आठवण कोणी ठेवावी अशी अपेक्षा करता येत नाही. उलट दुर्मीळ वनस्पतींची चोरी हे त्या भागावरचे नवे संकट आहे. अलीकडच्या वर्षांत क्लायव्हिया मिराबिलिससुद्धा त्यातून सुटलेली नाही. नाव मिळाले, कीर्ती झाली, आणि कीर्तीमागून चोर आले.

नीवोटव्हिलला जाणाऱ्याने फुले पाहू नयेत, इतिहासच आठवावा, असे आमचे म्हणणे नाही. फुले पाहावीत, दुपारच्या उन्हात, सूर्याकडे पाठ करून, मनसोक्त पाहावीत. मात्र प्रत्येक फुलाचे नाव विचारावे, आणि शास्त्रीय नाव मिळाल्यावर थांबू नये. शेतावर वाढलेल्या म्हाताऱ्या माणसाला विचारावे, की हे तुम्ही लहानपणी खाल्ले होते का. त्या एका प्रश्नाला मिळणारे उत्तर गावातील चर्चपेक्षा, कंपनीच्या दप्तरापेक्षा आणि मासोनियापेक्षाही जुने असू शकते.

साहित्याच्या वर्गात आपण शब्दार्थ शिकवतो, तेव्हा वनस्पतीच्या नावापुढे 'एक प्रकारचे फूल' असे लिहून पुढे जातो. कोशांतही पुष्कळदा तेवढेच असते. कोणी खाल्ले, कशात शिजवले, कोणत्या महिन्यात खणले, कोणाकडून कळले, हे त्या 'एक प्रकारचे' ह्या दोन शब्दांखाली गाडले जाते. हंटमचा अर्थ 'एक डोंगर' एवढाच नोंदला गेला असता, तर तेथे कधीकाळी माणसे कंदांवर जगत होती हे त्या नावावरून कळले नसते. आपल्या विद्यार्थ्यांच्या आज्या अजून बोलत आहेत. त्यांच्या तोंडची नावे वहीत उतरवताना पुढे अर्थाची एक ओळ अधिक लिहून घेणे, एवढे काम आपल्या आवाक्यातले आहे.